राणी तारलदेवीच्या माहेरी

आमच्या राजशेतहून मीरा-भाईंदरला जाणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एक तिकडे नोकरीला जाणारे आणि दुसरे, नोकरी लागलेल्यांकडे महिनाभर राहून येणारे. ब्याण्णव सालच्या चैत्रात मी गेलो तो तिसऱ्याच कामाला. मी आयुष्यात लिहिलेलं एकमेव पुस्तक साफ चुकीचं आहे, असं त्या पुस्तकाच्या एकमेव वाचकाला पटवायला मी गेलो होतो.

पुस्तक चौसष्ट पानांचं आहे. आमच्या गावच्या तळ्याकाठी एक कोरीव शिळा उभी आहे, हे राजशेतकरांना ठाऊक आहेच, कारण तिच्यावर ते कपडे धोपटतात. शाळेत इतिहास आणि चित्रकला शिकवता शिकवता मी अकरा वर्षं त्या शिळेची अक्षरं लावली. शिलाहारांच्या वेळी आपल्या गावात त्यांचा एक मांडलिक राजा राहत होता. त्याच्या राणीचं नाव तारलदेवी. हे तळं तिनं खोदवलं. तिचा संसार, तिची मुलं, सासर, माहेर असं सगळं मी त्या पुस्तकात घातलं आणि स्वखर्चानं तीनशे प्रती छापल्या. दोनशे साठ माझ्या खाटेखाली आहेत. चाळीस भेट दिल्या. भेट मिळालेलं पुस्तक कोणी वाचत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

माझा पुतण्या सुधीर मीरा रोडला राहतो. भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावातली वनिता त्याच्याबरोबर एकाच कचेरीत काम करते. दोघांनी लग्न ठरवलं, दोन्ही घरांनी हो-ना करत मान्य केलं, साखरपुड्याचा नारळ झाला. त्या नारळाच्या ताटात आमच्या शहाण्यानं कौतुकानं माझं पुस्तक ठेवलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पंधरा दिवसांनी वनिताच्या आजोबांचा निरोप आला: सोयरीक मोडली, कारण पान सतरा.

पान सतरावर मी सिद्ध केलं आहे की राणी तारलदेवी ही ‘उत्तरेकडील मिठाच्या गावची, मोरव्याची’ होती.

झालं होतं असं. मोरव्यात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. गावची, वनिताच्याच घराण्यातली एक पोर, तारूबाय, कोण्या राजाला दिली. तिचा भाऊ मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला गेला. राजानं त्याला दारावरूनच परत पाठवलं. असं तीनदा झालं. पोर पुन्हा घरी आली नाही. तेव्हापासून गावानं शपथ घेतली, की त्या राजाच्या गावात पुन्हा पोर द्यायची नाही. पण राजाचं गाव कुठलं, ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून शपथ पाळायची वेळ कधी आली नव्हती. ते गाव मी शोधून दिलं, पुराव्यानिशी, तळटिपांसकट.

शांती नगर, मीरा रोड

शांती नगरात सगळ्या इमारती एकसारख्या. आपल्याकडे घर ओळखायला फणस असतो, विहीर असते, निदान एखादं भांडकुदळ कुत्रं असतं. इथे नुसते आकडे. मी सुधीरचा पत्ता वाचत दुसऱ्या मजल्यावर गेलो, बेल वाजवली. एका गुजराती बाईंनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, खाकरे दिले. मला वाटलं, सुधीरच्या घरमालकीण असतील. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, “अंकल, आप किसके यहाँ आए हो?”

“सुधीर के यहाँ.”

“वो तो बाजू की बिल्डिंग. यहाँ कोई सुधीर नहीं.”

“मग चहा?”

“आप थके हुए लग रहे थे,” त्या म्हणाल्या आणि आणखी दोन खाकरे कागदात बांधून दिले.

राजशेतला अनोळखी माणूस दारात आला, की आधी ‘तू कुणाचा?’ विचारतात आणि उत्तर पसंत पडलं तरच पाणी देतात. मीरा रोडला आधी चहा होतो. कोण, कुठला, हे नंतर सवडीनं.

सुधीरच्या घरी टँकरचं पाणी भरायची धांदल चालली होती. त्यातच वनिता आली. मुलगी बघताक्षणी मला आवडली. हातात माझं पुस्तक होतं आणि त्यात दोऱ्यांच्या, बसच्या तिकिटांच्या, कोंबडीच्या पिसांच्या खुणा घातलेल्या होत्या. खोटं कशाला बोलू, माझं ऊर भरून आलं. माझ्या सख्ख्या बायकोनं ते पुस्तक दहाव्या पानावर ठेवून दिलं होतं, ते अजून तिथेच आहे.

“काका, आजोबा रोज रात्री मला वाचायला लावतायत,” वनिता म्हणाली. “त्यांना वाचता येत नाही ना. माझं तर सगळं पाठ झालंय. तेविसाव्या पानावर तुम्ही एक वाक्य दोनदा छापलंय.”

“प्रेसवाल्याची चूक.”

“आजोबा म्हणतात, महत्त्वाचं असेल म्हणून दोनदा लिहिलंय.”

सुधीर हंडा खाली ठेवून माझ्यासमोर बसला. “काका, एकच काम करा. उद्या जा आणि सांगा, माझं संशोधन चुकलं. ते दुसरं कुठलं तरी राजशेत असेल. ते फक्त तुमचंच ऐकतील. आम्ही पळून जाऊन लग्न करू शकतो, पण ही तसं करणार नाही.”

“मी आजोबांना सोडून जाणार नाही,” वनिता म्हणाली. “त्यांच्या घरातली एक पोर गेली ती आलीच नाही. मीपण तशीच गेले, तर म्हातारा संपेल.”

“ती पोर आठशे वर्षांपूर्वी गेली,” मी म्हणालो.

“घरात तसं बोलत नाहीत, काका. घरात बोलतात, आपली तारूबाय गेली.”

अकरा वर्षांची मेहनत एका बाजूला आणि हे दोघं दुसऱ्या बाजूला. मी रात्रभर नीट झोपलो नाही. सकाळी उठून म्हटलं, जातो आणि सांगतो खोटं. इतिहासात माझ्याहून मोठ्यांनी बोललंय.

मोरवा, पहिला दिवस

भाईंदर पश्चिमेला उतरून रिक्षा केली, की दहा मिनिटांत शहराचा गलका मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात. आपल्याकडे शेतात भात उभं राहतं, तिकडे शेतात मीठ पिकतं. पांढऱ्या ढिगांच्या रांगा, त्यावर झावळ्या. उन्हात बघितलं तर डोळे दिपतात. वाऱ्याला सुक्या बोंबलांचा वास. आम्हा कोकण्यांना तो वास आला, की परगावी आलोय असं वाटत नाही.

वनिताच्या आजोबांचं नाव हिराजीबाबा. वय ऐंशीच्या घरात, जन्म मिठागरात गेलेला, पाय पिंढरीपर्यंत मिठानं चिरलेले. ते ओटीवर बाकड्यावर बसले होते. मी अंगणात पाऊल टाकलं, तेव्हा तिथे गल्लीतली वीस-पंचवीस माणसं जमलेली होती. माझ्या पायावर पाणी घातलं. खुर्चीवर नवा टॉवेल अंथरला. मला वाटलं, लेखकाचा मान आहे.

“सासरचा मानूस आयला,” हिराजीबाबांनी जाहीर केलं. “उशिरानं आयला, पन आयला. बसा.”

मी लेखक नव्हतो, मी राणीच्या सासरचा होतो. तिकडे रीत अशी, की सासरचा माणूस कितीही नालायक असला तरी त्याच्या मानात कमी करायचं नाही. आधी पाय धुवायचे, खाऊ घालायचं आणि मग ऐकवायचं. मला तांदळाची भाकरी आणि करंदीचं कालवण वाढलं. शेवटचा घास गिळतोय तोवर बायका पुढे सरकल्या.

“आमच्या पोरीला पंचमीला का न्हाय धाडली?” एकीनं विचारलं.

“शिमग्याला तरी?” दुसरी म्हणाली.

एका म्हातारीनं कपाळाला हात लावून मला नीट न्याहाळलं. “तिची सासू कशी व्हती?”

मी शिक्षकी थाटात म्हणालो, “त्याबाबत साधनं उपलब्ध नाहीत.”

“म्हंजे खाष्ट व्हती,” म्हातारी म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता उशीर करण्यात अर्थ नव्हता. मी घसा साफ केला. “मंडळी, मी एक कबुली द्यायला आलोय. माझ्या पुस्तकात चूक झाली आहे. आमचं राजशेत ते राजाचं राजशेत नव्हे.”

हिराजीबाबांनी आत बघितलं. “वनिता, पान सतरा.”

वनितानं खालमानेनं वाचलं, “‘याविषयी शंकेस तिळमात्र जागा नाही.’”

“पान अठरा.”

“‘प्रस्तुत लेखकाने शिळेची अक्षरे सहा वेळा तपासली आहेत.’”

“सा वेला,” हिराजीबाबा म्हणाले. “आमी मिठाचा ढीग दोन वेला मापतो. तुमी सा वेला तपासलंय, मंग आज सातव्यांदा काय दिसला?”

मी म्हणालो, उजेड कमी होता. बाबांनी पान एकोणीस मागितलं. पान एकोणीसवर मी लिहून ठेवलं होतं की अक्षरवाचन मे महिन्याच्या सुट्टीत भर दुपारी केलं. मी म्हणालो, शिळा झिजलेली आहे. पान वीसवर शिळेच्या उत्तम स्थितीचं वर्णन होतं. आपणच लिहिलेलं पुस्तक आपल्याला असं चारी बाजूंनी घेरतं, हा अनुभव शत्रूलाही येऊ नये. पण लाजत लाजत सांगतो, मला मनातून बरंही वाटत होतं. इतकं बारकाईनं मला कोणी कधी वाचलं नव्हतं.

शेवटी बाबांनी हात वर केला. “तुमी का आयलाव ते मना कलतंय. तुमच्या पोराला आमची पोर न्यायची हाय, म्हनून खोटं बोलताव. राजा बी असाच. मुराली दारात उभा, तं सांगतो रानी घरात न्हाय. पोर ठेवायला खोटं, पोर न्यायला खोटं. तुमच्या गावाची रीतच ती.”

सुधीर अंगणाच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा बघवेना. बाबांनी मला रात्री राहायचा आग्रह केला, कारण सासरचा माणूस न राहता गेला तर गावाची नाचक्की होते. अंथरूण उत्तम होतं.

मोरवा, दुसरा दिवस

सकाळी मला एक युक्ती सुचली. गावदेवीच्या देवळामागे एक शेंदूर लावलेला दगड आहे. तो तारूबायच्या भावाचा, असं गाव मानतं. त्यावर अक्षरं आहेत, असं वनितानं सांगितलं होतं. मी सुधीरला म्हटलं, “त्या दगडात दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव निघालं, तर मी सुटलो. अस्सल पुरावा. बाबांनाही मानावा लागेल.”

दगडाच्या पुढच्या बाजूवर बोटभर शेंदूर होता आणि तो खरवडायला बायकांनी साफ मनाई केली. “भावाला खरवडताव? लाज न्हाय वाटत?” पण पाठीमागे शेंदूर पोचला नव्हता. मी जमिनीवर पालथा पडलो, ओल्या फडक्यानं माती पुसली, कागद लावून कोळसा घासला. पुसट अक्षरं उमटू लागली. आधी एक काना. मग ‘रा’. मग ‘ज’. मग ‘शे’.

मी ताडकन उठलो आणि ओरडलो, “सापडलं! राजशेत! दुसरा स्वतंत्र पुरावा! सुधीर, माझं बरोबर होतं!”

कपडे मातीनं भरलेले, तोंडाला कोळसा आणि मी तो कागद झेंड्यासारखा हलवतोय. भोवती गाव उभं. सुधीर दोन्ही हातांनी डोकं धरून देवळाच्या पायरीवर बसला.

“काका,” तो म्हणाला, “तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आलायत?”

मला तोंड वर करायला जागा उरली नाही. कागदाची घडी करून मी खिशात घातली. बाबांपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यांनी फक्त विचारलं, “आता पुस्तकात एक पान वाढवताव ना?”

दुपारी जेवायला बसलो. वनिताची आई, पार्वतीबाई, वाढत होती. कालपासून ती माझ्याशी शब्द बोलली नव्हती. वाढता वाढता म्हणाली, “गुरुजी, एक विचारू? त्या पोरीचं नाव काय व्हतं?”

“कुठल्या पोरीचं?”

“तारूबायच्या. पान एकतीस.”

पान एकतीसवर राणीची संतती आहे. तीन मुलगे, त्यांची नावं आणि मग एक ओळ: ‘एक कन्या अल्पवयात निवर्तली.’

“वनितानं ते पान वाचलं, त्या दिवशी आमी सगली नायलो,” पार्वतीबाई म्हणाली. “नल एक दिवसाआड येतो. तो दिवस पान्याचा न्हाय. शेजाऱ्यांकडशी कलशा आनल्या, घरातली नऊ मानसं डोक्यावरना नायली. बाबा बी नायले. आपल्या घरच्या लेकीची पोर गेली, बातमी उशिरा आयली तरी अंघोल करावी लागते.”

बातमी कानावर आली की आंघोळ, हे आपल्याकडेही आहे. आठ दिवसांनी कळलं तरी करतात, सहा महिन्यांनी कळलं तरी करतात. किती वर्षांनी करू नये, हे कुठे लिहिलेलं नाही. मी सावधपणे विचारलं, “आणि राजा? पान बावीसवर राजा वारतो.”

“त्याच्यासाठी कोन न्हाय नायला,” पार्वतीबाई म्हणाली.

राणीचं काय, हे मी विचारलं नाही. ती कधी वारली, हे कुठल्याच दगडावर नाही आणि मीही लिहिलेलं नाही. त्यामुळे मोरव्याच्या हिशेबी ती अजून सासरीच आहे.

“मंग नाव?” तिनं पुन्हा विचारलं.

“नाव तुटलंय. त्या जागी टवका उडालाय. पण तिची आकृती आहे. आईच्या बाजूला उभी आहे, कमरेएवढीसुद्धा नाही. आईच्या लुगड्याचा सोगा मुठीत धरलाय.”

पार्वतीबाईनं डोळ्याला पदर लावला. ती मूठ मी अकरा वर्षं बघत होतो. मोजपट्टीनं मोजली होती, तिचं रेखाचित्र काढलं होतं. एक बाई लहान मुलीला घेऊन उभी आहे, हे मात्र मला त्या जेवणाच्या पाटावर कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

मिठागराच्या बांधावर

योगायोग म्हणा की वनिताचा कावा म्हणा, तो दिवस मुराळ्याचा होता. दरवर्षी चैत्रात त्या दिवशी हिराजीबाबांच्या घरातला थोरला पुरुष धोतर-पागोटं करून, हातात छत्री घेऊन मिठागराच्या बांधावर जातो आणि तारूबायला घरी चल म्हणून हाक मारतो. पानाचा विडा चघळून होईपर्यंत वाट बघतो. कोणी येत नाही, मग तो परततो. पूर्वी सासर कुठल्या दिशेला ते ठाऊक नव्हतं, म्हणून चारी दिशांना हाका मारत. यंदा दक्षिणेलाच मारायची होती.

“तुमच्या पुस्तकानं तीन हाका वाचल्या,” बाबा म्हणाले. एवढं कौतुक त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ते म्हणाले, “तिकडच्या बांधावर तुमी उभं ऱ्हावा. आजवर हाकेला कोनी जवाब दिला न्हाय. आज सासरचा मानूस हाय, तं काय ते बोला. न्हाय बोललाव तरी चालंल, मी परत येईन. सवय हाय.”

मी पलीकडच्या बांधावर दक्षिणेला पाठ करून उभा राहिलो. माझ्यामागे पार्वतीबाई ओटीचं ताट घेऊन, तिच्या शेजारी वनिता आणि सुधीर. मधे मिठाची खाचरं, पाणी चकाकत होतं. मीठ ओढणाऱ्या मजुरांनी हातातली फावडी थांबवली. पलीकडे ऐंशी वर्षांचा मुराळी, पागोटं सावरत. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले.

“तारूबाय गोऽऽ! घरा चल! मी न्यायला आयलोय!”

आवाज चिरका होता, पण त्यात नाटक नव्हतं. बहिणीला हाक मारावी तशी हाक होती. मी मनात एक भाषण तयार केलं होतं, त्यात ‘तत्कालीन परिस्थिती’ असे शब्द होते. ते सगळं विसरलो.

“न्या!” मी ओरडलो. “न्या तिला! खुशाल न्या!”

बाबा जागच्या जागी थबकले. विडा तोंडात घालायला काढलेला, तो हातातच राहिला. मग पलीकडून आवाज आला, “धाडताव?”

“धाडतो!”

“आन लेकरं?”

“लेकरंही न्या!”

“कितीक हायत?”

पाठीमागे पार्वतीबाईच्या ताटातली वाटी हलल्याचा आवाज आला. मी सहा वेळा तपासलेलं आहे. तीन. शंकेस तिळमात्र जागा नाही.

“चार!” मी ओरडलो.

बांधाबांधावरून पाय जपत, छत्री टेकत बाबा वळसा घालून माझ्याकडे आले. त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात कोणी हललं नाही. माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, “पान एकतीस.”

“पान एकतीस चुकलंय,” मी म्हणालो.

त्यांनी पुरावा मागितला नाही. “मी तिच्या नावानं नायलोय, गुरुजी.”

“ठाऊक आहे.”

“काल खोटं बोललाव ते आमची पोर न्यायला. आज कोनासाठी बोललाव?”

“आई आणि भाऊ आजोळी निघालेत,” मी म्हणालो. “तिला एकटीला मागे कशी ठेवू?”

बाबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग पुन्हा तोंड. सुधीरकडे बघून म्हणाले, “नारल परत घेऊन ये. तुमच्या गावात असा एक मानूस तरी हाय, तं आमची वनिता ऱ्हाईल तिथं.” वनिता त्यांच्या गळ्यात पडली. सुधीरला काय करावं ते कळेना, म्हणून तो माझ्या पाया पडला.

“पुरे,” बाबा म्हणाले. “पोर उन्हात उभी हाय.” ते वनिताबद्दल बोलत नव्हते.

बांध जिथे रस्त्याला लागतो तिथे त्यांनी रिक्षा थांबवली. राणीला चालवत कशी न्यायची? रिक्षावाला उत्तरेकडचा होता. “कितने लोग?”

“एक रानी, चार लेकरं, आन मी,” बाबा म्हणाले.

रिक्षावाल्यानं रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, पागोट्याकडे बघितलं, पार्वतीबाईच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघितलं. “छह हुए, चाचा. मेरे में तीन ही बैठेंगे. दूसरी बुलाता हूँ.” त्यानं शिट्टी घालून मागची रिक्षा बोलावली. पहिलीत राणी, थोरला आणि बाबा. दुसरीत तिघं लहान. “बच्चों को अंदर की तरफ़ बिठाओ, रास्ता खराब है,” तो बजावून म्हणाला आणि अगदी सावकाश निघाला. त्या मुलखात भेटलेली ही दुसरी व्यक्ती, जिनं आधी सोय बघितली आणि प्रश्न विचारले नाहीत. आम्हाला जागा उरली नव्हती, म्हणून आम्ही चौघं मागून चालत गेलो.

घरी पोचलो तेव्हा ओटीवर पानं मांडलेली होती. एक मोठा पाट, तीन मधले आणि एक अगदी छोटा, शेजारच्या घरातून आणलेला. गल्लीतल्या बायका ओटीसाठी रांगेत उभ्या. ज्या म्हातारीनं काल सासूची चौकशी केली होती, ती मोठ्या पाटासमोर बसून काहीतरी हळू आवाजात सांगत होती. बहुधा आठशे वर्षांतल्या घडामोडी सांगत असावी, कारण संपत नव्हतं. पार्वतीबाई तिखट कालवणाचं पातेलं घेऊन एकेका पानावर वाढत आली. छोट्या पाटाशी येऊन थांबली. पळी तशीच हातात धरून तिनं माझ्याकडे वळून विचारलं,

“गुरुजी, धाकटी तिखट खाते का?”

“अजून नाही खात,” मी म्हणालो.

तिनं त्या पानात दूधभात वाढला.